म्हशीच्या ठोक्यांपासून क्वांटम अणूंपर्यंत: घातांक खरा कधी मानायचा?

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मॅडम, सुट्टीत गावच्या जनावरांच्या दवाखान्यात बसून मांजरं, कुत्री, शेळ्या, वासरं, गायी-म्हशी यांची वजनं आणि हृदयाचे ठोके टिपले. लॉग-लॉग कागदावर सरळ रेष आली, चढ उणे ०.२४, म्हणजे ठोके वजनाच्या उणे ०.२४ घाताने बदलतात. पुस्तकात उणे पाव दिलाय. म्हणजे मी स्केलिंगचा (आकार बदलला की बाकीचं कोणत्या घाताने बदलतं त्याचा) नियम पडताळला ना? आणि क्वांटम अवस्थांतरांवरच्या एका व्याख्यानात हाच ‘स्केलिंग’ शब्द सारखा येत होता. म्हैस आणि क्वांटम अणू यांच्यात खरंच काही समान आहे, की नुसता शब्द एक आहे? यात पुढे संशोधन करावं का?’

नियम पडताळलास असं मी अजून म्हणणार नाही. का, ते आधी तुझ्याच तक्त्यावरून सांगते, कारण तीच गोष्ट पुढे क्वांटमपर्यंत नेता येते.

तुझ्याकडे सगळ्यात हलकं मांजर चार किलोचं आणि सगळ्यात जड म्हैस साडेचारशे किलोची. वजनात ११२ पटींचा फरक, म्हणजे ऐकायला भरपूर. पण ११२ च्या वर्गमुळाचं पुन्हा वर्गमूळ काढ. सव्वातीन येतं. उभ्या अक्षावरचा तुझा सगळा खेळ या सव्वातीन पटींत चाललाय. मांजराचे ठोके मिनिटाला १७० धरले, तर उणे पाव घातांकाने म्हशीचे ५२ यायला हवेत आणि दुसऱ्या, प्रतिस्पर्धी सिद्धांताच्या उणे एक तृतीयांशाने ३५. दोन्ही नियमांत फरक काय तो दीडपटीचा. आता दवाखान्यातल्या टेबलावर चढवलेलं कुत्रं आठव. इंजेक्शनची सुई दिसली की त्याचे शंभराचे दीडशे ठोके सहज होतात. म्हणजे एका घाबरलेल्या कुत्र्याची चूक आणि दोन सिद्धांतांमधलं अंतर तुझ्याकडे एकाच मापाचं आहे. उणे ०.२४ हा आकडा छान जुळला खरा, पण त्याच्यापुढे चूक किती ते तू लिहिलेलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर ‘उणे ०.२४, अधिक-उणे ०.०६’ असं काहीतरी लिहिलं असतं, आणि मग एक तृतीयांशही फार लांब राहत नाही.

आणखी एक गंमत तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. म्हैस काट्यावर चढवली नव्हती, ‘टेपने वजन घेतलं’ असं तू लिहिलंयस. छातीचा घेर मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीने गुणायचं आणि एका ठरलेल्या आकड्याने भागायचं, हे डॉक्टरांचं सूत्र. म्हणजे म्हैस हा साधारण एक दंडगोल आहे आणि तिची घनता सगळीकडे सारखी आहे, असं मानून वजन काढलं. हेसुद्धा स्केलिंगच! तुझ्या आडव्या अक्षात एक स्केलिंगचा नियम आधीच शिरून बसलाय आणि त्याच कागदावर तू दुसरा शोधतोयस. यात पाप काही नाही, पण वहीत ते लिहून ठेवायला हवं.

आता हे घातांक येतात कुठून ते पाहू. गॅलिलिओने १६३८ मध्ये एका लहान हाडाशेजारी तिप्पट लांबीच्या हाडाचं चित्र काढून दाखवलं की मोठ्या प्राण्याचं हाड नुसतं लांब होऊन भागत नाही, प्रमाणाबाहेर जाड व्हावं लागतं. वजन लांबीच्या घनाने वाढतं, हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे वर्गाने. उष्णतेलाही हेच लावता येतं. शरीरात उष्णता तयार होते ती आकारमानात आणि बाहेर जाते ती कातडीतून. तेव्हा प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या दोन तृतीयांश घाताने वाढावी. माक्स रुब्नरने १८८३ मध्ये लहानमोठ्या कुत्र्यांवर मोजून हे बरोबर असल्याचं सांगितलं. १९३२ मध्ये माक्स क्लायबरने वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांचे आकडे एकत्र मांडले तेव्हा घातांक दोन तृतीयांशाऐवजी तीन चतुर्थांशाकडे झुकला. हृदयाचा आकार शरीराच्या वजनाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे ठोक्यांचा वेग म्हणजे ऊर्जेची गरज भागिले वजन. तुझा उणे पाव तिथून आला: तीन चतुर्थांश उणे एक. दोन तृतीयांश धरला तर उणे एक तृतीयांश.

पण तीन चतुर्थांश का? चार हा आकडा तीन मितींच्या जगात कुठून आला? वेस्ट, ब्राऊन आणि एन्क्विस्ट यांनी १९९७ मध्ये त्याचं एक उत्तर दिलं. रक्तवाहिन्यांचं जाळं झाडाच्या फांद्यांसारखं फुटत जातं, शरीर पूर्ण व्यापतं, सगळ्यात बारीक केशवाहिनी उंदरात आणि हत्तीत एकाच जाडीची असते, आणि रक्त ढकलण्यात कमीत कमी ऊर्जा खर्च व्हावी अशी रचना असते. एवढ्यावरून तीन चतुर्थांश निघतो. कल्पना देखणी आहे. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेली नव्हती. पण पुढे २००१ मध्ये आणि २००३ मध्ये जुने आकडे पुन्हा तपासणाऱ्यांना दोन तृतीयांशही तितकाच, काहींना तर जास्त योग्य वाटला. २०१० मध्ये असंही दाखवलं गेलं की लॉग-लॉगवर ती रेष मुळात सरळच नाही, किंचित वाकडी आहे. म्हणजे कुठल्या वजनाचे प्राणी निवडता त्यावर चढ बदलतो. माझं स्वतःचं मत विचारशील तर सस्तन प्राण्यांसाठी एकच एक अचूक घातांक आहे हे मला पटत नाही. जाळ्याची कल्पना महत्त्वाची आहे, पण ‘पाव’ हा आकडा तिच्या गळ्यात जरा घाईने बांधला गेला.

म्हशीला थोडा वेळ बांधून ठेवू. घातांक खरा ठरतो तेव्हा काय घडतं, त्याची एक-दोन उदाहरणं आधी बघ.

सगळ्यात सोपा प्रकार परिमाणांवरून निघणारा. जुलै १९४५ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला. पुढे त्याचे फोटो प्रसिद्ध झाले, खाली सेकंदाचे अंश आणि अंतराची पट्टी छापलेली. जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की आगीच्या गोळ्याची त्रिज्या फक्त तीन गोष्टींवर अवलंबून असू शकते: ऊर्जा, हवेची घनता आणि वेळ. या तिघांतून लांबी तयार करायचा मार्ग एकच आहे, ऊर्जा गुणिले वेळेचा वर्ग भागिले घनता आणि या सगळ्याचं पाचवं मूळ. म्हणजे त्रिज्या वेळेच्या दोन पंचमांश घाताने वाढली पाहिजे, आणि फोटोंत ती तशीच वाढत होती. स्फोटानंतर ०.०२५ सेकंदाला गोळ्याची त्रिज्या सुमारे १३० मीटर होती. गणित करून बघ, साधारण १७ हजार टन टीएनटी एवढी ऊर्जा येते. नंतरच्या मोजमापांत आकडा २१ ते २५ हजारांत गेला, पण चार फोटो आणि एका कागदावर केलेल्या हिशेबाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. इथे घातांक मोजून ठरवलेला नाही. तो आधीच ठरला होता, मोजणीने फक्त हो म्हटलं.

पण सगळे घातांक असे परिमाणांच्या हिशेबातून निघत नाहीत, आणि माझं आयुष्य गेलं ते या न निघणाऱ्यांमागे.

बंद नळीत कार्बन डायऑक्साइड घे, अर्धा द्रव, अर्धा वायू. तापवत जा. द्रव हलका होत जातो, वायू दाट होत जातो, आणि ३१ अंश सेल्सियसला दोघांमधली सीमारेषाच नाहीशी होते. टॉमस अँड्र्यूजने १८६९ मध्ये हे नोंदवलं. त्या बिंदूजवळ स्वच्छ पारदर्शक नळी दुधासारखी धुरकट होते. घनतेचे लहानमोठे पुंजके इतके वाढतात की प्रकाशच विखुरतो. आता प्रश्न असा: द्रव आणि वायू यांच्या घनतेतला फरक या बिंदूकडे जाताना कोणत्या घाताने शून्य होतो? व्हान डर वाल्सच्या वायू-द्रवाच्या जुन्या समीकरणातून एक द्वितीयांश येतो. गुगेनहाइमने १९४५ मध्ये निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन अशा आठ पदार्थांचे आकडे आपापल्या क्रांतिक (सीमारेषा नाहीशी होते तिथल्या) तापमानाने आणि घनतेने भागून एकाच कागदावर मांडले. आठही एकाच वक्रावर येऊन बसले आणि घातांक निघाला एक तृतीयांशाच्या जवळ. आज आपण त्याची किंमत ०.३२६ मानतो. एका अक्षावर चुंबकत्व असलेल्या लोहचुंबकाचाही हाच घातांक. पदार्थ सारखा नाही, रेणूंमधलं बल सारखं नाही, तरी आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत एक. आणि ०.३२६ हा आकडा किलो-मीटर-सेकंद कसेही जुळवले तरी निघत नाही. सपाट, दोन मितींच्या चुंबकासाठी ऑन्सागरने नेमकं गणित केलं, यांगने १९५२ मध्ये त्याची सिद्धता छापली, आणि तिथे घातांक निघाला एक अष्टमांश. व्हान डर वाल्स दोन्हीकडे चुकला.

हे का घडतं याचं बीज १९६६ मध्ये लिओ कॅडनॉफने मांडलं आणि १९७१ मध्ये केनेथ विल्सनने त्याचं झाड केलं. त्यासाठी १९८२ चं नोबेल विल्सनला मिळालं. कल्पना आपल्याकडच्या निवडणुकीच्या भाषेत सांगते. अख्ख्या मैदानावर माणसं ओळीत उभी आहेत, प्रत्येकाचा झेंडा लाल किंवा पांढरा, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून रंग बदलायला थोडाफार तयार. नऊ-नऊ जणांचे चौकोन कर आणि बहुमताने प्रत्येक चौकोनाचा एक प्रतिनिधी नेम. आता फक्त प्रतिनिधी बघ. त्यांचे पुन्हा नऊ-नऊचे चौकोन. पुन्हा प्रतिनिधी. शेजाऱ्याचा प्रभाव कमी असेल, तर दोन-चार फेऱ्यांत नुसती खिचडी उरते, रंगांना कसलाच आकार राहत नाही. प्रभाव जास्त असेल, तर दोन-चार फेऱ्यांत सगळं मैदान एका रंगाचं. आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये एक प्रभाव असा असतो की कितीही फेऱ्या केल्या तरी चित्र पहिल्यासारखंच दिसतं: मोठ्या लाल बेटात पांढरी बेटं, त्यांत पुन्हा लाल ठिपके. हाच क्रांतिक बिंदू. प्रत्येक फेरीत मूळ माणसांचे बारकावे गळून पडतात. कोण उंच, कोण बुटका, कोणाचं शेजाऱ्याशी भांडण, काही उरत नाही. उरतात फक्त दोन गोष्टी: मैदान किती मितींचं आणि झेंड्याला किती दिशा. म्हणून पाण्याची वाफ आणि चुंबक एका जातीचे ठरतात. घातांक म्हणजे मधल्या त्या स्थिर चित्रापासून किंचित ढळल्यावर दर फेरीला आपण किती पट दूर जातो त्याचं माप.

या घातांकांची कसोटी किती कडक असू शकते ते हीलियमवर बघ. द्रव हीलियम २.१७ केल्विनला अतिप्रवाही होतो, म्हणजे घर्षणाशिवाय वाहू लागतो. तिथली विशिष्ट उष्णता मोजायची, पण पृथ्वीवर अडचण अशी की भांड्यातल्या हीलियमच्या स्वतःच्या वजनाने तळाला दाब वाढतो आणि दर सेंटिमीटर खोलीला संक्रमणाचं तापमान एक मायक्रोकेल्विनपेक्षा थोडं जास्त सरकतं. भांड्याचा वरचा भाग आणि तळ एकाच वेळी क्रांतिक होऊच शकत नाहीत. म्हणून १९९२ मध्ये कोलंबिया यानातून प्रयोग अवकाशात नेला. संक्रमणापासून काही नॅनोकेल्विनपर्यंत जाता आलं आणि घातांक आला उणे ०.०१२७. पुढे संगणकावरचं मोजमाप आणि समीकरणांच्या सममितीवर आधारलेली एक पूर्ण वेगळी पद्धत, अशा दोन स्वतंत्र मार्गांनी २०१९-२० मध्ये उणे ०.०१५ च्या आसपास किंमत निघाली. ते दोन एकमेकांशी जुळतात, प्रयोगाशी जुळत नाहीत. फरक तिसऱ्या दशांशात आहे आणि तो अजून मिटलेला नाही. तिसऱ्या दशांशावरून भांडता येणं ही या क्षेत्राची श्रीमंती. क्लायबरच्या वादात भांडण पहिल्या दशांशाचं आहे.

आता क्वांटम. इथेही स्केलिंग तोच निवडणुकीचा खेळ आहे, नुसता शब्द उसना घेतलेला नाही. सगळ्यात सुंदर उदाहरण १९७९ चं. अब्राहम्स, अँडरसन, लिच्चारदेल्लो आणि आपले टी. व्ही. रामकृष्णन या चौघांचा निबंध. भौतिकीवाले त्यांना आजही प्रेमाने ‘चौघांची टोळी’ म्हणतात. प्रश्न अँडरसनने १९५८ मध्येच विचारला होता: अशुद्ध धातूत इलेक्ट्रॉनची लाट अडथळ्यांवर आपटत फिरते, तर ती पसरत जाईल की एका जागी अडकून बसेल? चौघांनी म्हटलं, धातूचा एक ठोकळा घ्या आणि त्याची वाहकता क्वांटम एककात मोजा. आता असे ठोकळे जोडून दुप्पट लांबीचा ठोकळा करा. नव्या ठोकळ्याची वाहकता कशावर ठरेल? अशुद्धी कोणती, अणू कोणते, हे सगळं सोडा. ती फक्त जुन्या वाहकतेवर ठरते. बस्स, एवढंच गृहीतक.

वाहकता भरपूर असेल तर ओहमचा नियम चालतो आणि ती लांबीच्या (मिती उणे दोन) घाताने बदलते. वाहकता अगदी कमी असेल तर लाट अडकलेली आहे आणि ती घातांकी वेगाने कोसळते. तीन मितींत पहिल्या बाजूला वाढते, दुसऱ्या बाजूला घटते, म्हणजे मध्ये कुठेतरी उंबरठा असणारच: अलीकडे धातू, पलीकडे विसंवाहक. एका मितीत सगळीकडे घटच. खरी मजा दोन मितींत. तिथे ओहमचा घात शून्य, म्हणजे पारडं अगदी मध्यावर. अशा वेळी क्वांटमची एक बारीकशी दुरुस्ती निकाल लावते. इलेक्ट्रॉन अडथळ्यांच्या एका वेटोळ्यातून फिरून मूळ जागी येतो. तेच वेटोळं उलट दिशेनेही फिरता येतं, आणि दोन्ही लाटा नेमक्या एका तालात परत येतात. त्यामुळे मागे परतण्याची शक्यता थोडी जास्त. एवढ्या लहानशा कारणाने दोन मितींत वाहकता आकाराबरोबर हळूहळू, लॉगने, घटतच जाते. पातळ धातूच्या थरांवर तापमान उतरवताना रोध लॉगनेच वाढताना दिसला, त्याच वर्षी. पुढे १९९४ पासून सिलिकॉनमधल्या अतिशुद्ध द्विमित इलेक्ट्रॉनांनी हे चित्र बिघडवायला सुरुवात केली, कारण टोळीने इलेक्ट्रॉनांचं आपसातलं भांडण हिशेबात धरलं नव्हतं. तो विषय लांबेल, सोडते.

तू ज्या व्याख्यानाला बसला होतास तिथे बहुतेक निरपेक्ष शून्यावरच्या अवस्थांतराची गोष्ट चालली असेल. तिथे उष्णतेचा हलकल्लोळ नसतो, क्वांटमचा स्वतःचा असतो, आणि तापमानाऐवजी चुंबकीय क्षेत्र किंवा लेझर बदलून संक्रमण घडवतात. यात एक किल्ली लक्षात ठेव: अशा कितीतरी प्रणालींत काळ हा आणखी एका दिशेसारखा वागतो. म्हणून एका ओळीत उभी असलेली क्वांटम चुंबकांची साखळी क्रांतिक बिंदूवर ऑन्सागरच्या दोन मितींच्या चुंबकाची सख्खी बहीण ठरते. २०१९ मध्ये हार्वर्डच्या गटाने रुबिडियमचे ५१ अणू लेझरच्या चिमट्यांनी एका ओळीत धरून हे प्रत्यक्ष पाहिलं. लेझरची वारंवारता संक्रमणातून सरकवत नेली, कधी भरभर, कधी सावकाश. भरभर नेलं की अणूंना एकमेकांचं ऐकायला वेळ मिळत नाही, ‘एक उत्तेजित, एक शांत’ अशी आळीपाळीची नक्षी जागोजागी तुटते. सावकाश नेलं तर अखंड तुकडे मोठे होतात. तुकड्यांची लांबी वेळेच्या कोणत्या घाताने वाढते? क्वांटम साखळीचं उत्तर एक द्वितीयांश, सरासरीवर चालणाऱ्या ढोबळ सिद्धांताचं एक तृतीयांश. मोजलं तर ०.५ आलं.

आता तुला इथे मला पकडता यायला हवं. ५१ अणू म्हणजे केवढीशी ओळ, पल्ला तरी कितीसा असणार? तुझ्या मांजर-म्हशीपेक्षा फार मोठा नाही. मग ते खरं आणि तू कच्चा, हा कुठला न्याय? उत्तर हे की त्यांच्याकडे नुसता चढ नव्हता. घातांक आधीच स्वतंत्र गणिताने ठरलेला होता. प्रतिस्पर्धी घातांक कोणता तेही माहीत होतं आणि मोजणीतली चूक दोघांमधल्या अंतरापेक्षा बरीच लहान होती. शिवाय वेगवेगळ्या वेगांनी घेतलेले सहसंबंधांचे (एका अणूची अवस्था दूरच्या अणूशी किती जुळते त्याचे) सगळे वक्र त्याच घातांकाने ताणून-आखडून एकमेकांवर ठेवले तर ते एकच वक्र झाले, गुगेनहाइमच्या आठ वायूंसारखे. वक्र असे एकावर एक बसतात ना, तो खरा पुरावा. एक चढ जुळवायला दोन बिंदूही पुरतात. दहा वक्र एकाच घातांकाने एकत्र आणायचे म्हणजे निसर्गाची साथ लागते.

हे मी शहाणपणाने बोलतेय, पण शिकले ठेच लागूनच. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका वाढत्या पृष्ठभागाचं संगणकावर अनुकरण करत होते. रात्री प्रोग्रॅम लावून जायचं, सकाळी येऊन बघायचं तर मध्यरात्री वीज गेलेली. असे तीन महिने काढून ०.५८ घातांक मिळवला. रेष इतकी सरळ की पट्टी लावून बघितली. नवा घातांक म्हणून चर्चासत्रात मांडलाही. मग संगणकातल्या बिंदूंची जाळी दुप्पट केली: ०.५५. पुन्हा दुप्पट: ०.५३. घातांक घसरत घसरत निघाला जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या अर्ध्याकडे. माझा ‘नवा नियम’ म्हणजे लहान जाळीचा खोडसाळपणा होता. जाळी दुप्पट करणं स्वस्त नसतं. साध्या द्विमित चुंबकाच्या अनुकरणात क्रांतिक बिंदूवर लांबी दुप्पट केली की बिंदू चौपट होतात आणि चित्र विसरून नवं व्हायला लागणाऱ्या फेऱ्याही साडेचार पट होतात, म्हणजे एकूण अठरापट वेळ. आजकाल पुंजकेच्या पुंजके एका दमात उलटवणाऱ्या पद्धती आहेत, त्या शिकून घे.

निसर्गात जिथे-तिथे पॉवर लॉ, म्हणजे असे घातांकाचे नियम, दिसतात म्हणणाऱ्यांबद्दलही एक शब्द. १९८७ मध्ये बाक, टँग आणि वीझनफेल्ड यांनी वाळूच्या ढिगाचं मॉडेल दिलं. घरी करून बघ: बुद्धिबळाचा पट आणि मूठभर चिंचोके. एकेक चिंचोका कुठेही टाक. ज्या घरात चार किंवा जास्त झाले, त्याने चारही शेजाऱ्यांना एकेक द्यायचा. कडेच्या घरांचे पटाबाहेर पडतात. कधी एकच घर कोसळतं, कधी अर्धा पट. कोणी तापमान जुळवलेलं नसतानाही प्रणाली आपोआप क्रांतिक बिंदूवर जाऊन बसते. दीपक धर, तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये, यांनी १९९० मध्ये दाखवलं की कोणतं घर आधी कोसळवलं याने शेवटच्या चित्रात काहीच फरक पडत नाही. चिंचोक्यांनी स्वतः तपास, पाच मिनिटांत पटेल. या एका गुणामुळे मॉडेलची बरीच उत्तरं कागदावर नेमकी काढता येतात. वाळू फक्त एकाच दिशेने घसरते अशा प्रकारासाठी तर धर आणि रामस्वामी यांनी १९८९ मध्येच घातांक नेमका काढला होता: चार तृतीयांश. धरांना २०२२ मध्ये सांख्यिकीय भौतिकीचं बोल्ट्झमन पदक मिळालं, भारतात पहिल्यांदाच.

आणि खरी वाळू? ती या नियमाने वागत नाही. जडत्वामुळे एकदा घसरली की मोठीच घसरते. ओस्लोमध्ये १९९६ मध्ये तांदळाचे ढीग करून बघितले, तेव्हा लांब दाण्याच्या तांदळात सर्व आकारांच्या घसरणी दिसल्या; आखूड, गोलसर दाण्यात नाही. लांब दाणे एकमेकांत अडकतात, जडत्वाला वाव देत नाहीत. म्हणजे बासमती चालेल, आंबेमोहोर नाही, असं मी वर्गात सांगते, जरी ते प्रयोग तिथल्या तांदळावर झाले होते. दाण्याच्या आकारावर नियम टिकतो की मोडतो हे ठरत असेल, तर शहरं, शेअर बाजार, भाषेतले शब्द या सगळ्यांवर एकच नियम लावताना जीभ जरा आवरावी.

संशोधन करावं का म्हणतोस. कर, पण ‘स्केलिंग’मध्ये करू नकोस, एखाद्या पदार्थात, एखाद्या प्रणालीत कर आणि स्केलिंग हत्यार म्हणून वापर. सांख्यिकीय भौतिकीचा पेपर नीट कर, क्वांटम वेगळा विषय समजून बाजूला ठेवू नकोस, आणि या सत्रात द्विमित चुंबकाचा प्रोग्रॅम स्वतः लिही, कुठून उतरवू नकोस. एक अष्टमांश तुझ्या हाताने आला पाहिजे. येईपर्यंत पंधरा-वीस दिवस जातील आणि त्यात तू पुस्तकापेक्षा जास्त शिकशील.

आता म्हैस सोडू. तुझा प्रयोग वाया गेलेला नाही, पल्ला तेवढा वाढव. तीनशे ग्रॅमच्या उंदराचे ठोके साडेतीनशेच्या आसपास असतात. ते प्राणिशास्त्र विभागात मिळतील. चार टनांच्या हत्तीचे तीसेक. एखाद्या पशुवैद्याच्या जुन्या नोंदींतून मिळवता येतील. उंदीर ते हत्ती म्हणजे वजनात तेरा हजार पट. मग उणे पावाने हत्तीचे ३३ निघतात आणि उणे एक तृतीयांशाने १५. या दोघांत कुठलंही घाबरलेलं कुत्रं घोळ घालू शकत नाही. म्हशीचं वजन सहकारी संस्थेच्या वजनकाट्यावर घे, टेपचाही आकडा शेजारी लिही. आणि कुत्र्यांचे ठोके पुन्हा मोज, पण दवाखान्यात नाही. त्यांच्या घरी जा, अंगणात अर्धा तास बस, कुत्रं तुझ्या पायाशी येऊन झोपलं की मग छातीवर हात ठेव.